मुक्काम पोस्ट : दोन मीटरची खोली

दोस्तांनो, आजचा मुक्काम वाचायचा नाही, आधी आखायचा आहे. घरात खडू असेलच. शिवणाच्या डब्यातला टेप आईकडून मागून घ्या आणि फरशीवर एक चौकोन काढा. लांबी दोन मीटर, रुंदी एक मीटर. काढलात? आता त्यात उताणे झोपा. पाय पुरले? हात थोडे पसरता आले? छान. आता चौकोनाच्या बाजूला भिंतीवर एक मीटर उंचीची खूण करा. ते झालं छप्पर. मांडी घालून बसा आणि डोकं खुणेच्या खाली राहतं का बघा. तुमचं तर राहीलच, बहुधा बाबांचंही राहील.

झालं! ही तुमची हॉटेलातली खोली. हसू नका. जगात हजारो माणसं रोज रात्री एवढ्याच खोलीत झोपतात, त्यासाठी पैसे मोजतात आणि सकाळी ताजीतवानी होऊन कामाला जातात. आणि अशी हॉटेलं असतात कुठे, तर बहुतेक वेळा रेल्वे स्टेशनला खेटून, नाहीतर थेट स्टेशनाच्या आतच.

"एवढ्याशा जागेत कोण राहील?" असं तुम्ही म्हणाल. पण जरा आठवा. गावाला जाताना आगगाडीत तुम्ही झोपता तो बर्थ केवढा असतो? लांबी सहा फुटांच्या आसपास आणि रुंदी दोन फुटांच्या आसपास. मधल्या बर्थवर तर ताठ बसताही येत नाही, मान वाकवून उतरावं लागतं. तरी सकाळी चहावाल्याच्या हाकेपर्यंत आपण गाढ झोपलेलो असतो की नाही? त्या बर्थपेक्षा तुमचा खडूचा चौकोन रुंदीला दीडपट आहे. म्हणजे आपण त्यात मावू का, हा प्रश्नच नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. तो पुढे येईल. आधी ही खोली जन्मली कशी ते पाहू.

शेवटची गाडी चुकली तर?

जपानमधल्या आगगाड्या वेळेवर धावण्यासाठी प्रसिद्ध आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्या रात्रभर धावत नाहीत. सुप्रसिद्ध शिंकान्सेन, म्हणजे तिथली वेगवान गाडी, रात्री बारा ते सकाळी सहा बंद असते. शहरातल्या लोकल गाड्याही मध्यरात्रीनंतर काही तास थांबतात. का? कारण रुळांनाही डॉक्टर लागतो! दिवसभर गाड्यांच्या चाकांखाली झिजलेले रूळ तपासायचे, तारा बघायच्या, सैल झालेलं घट्ट करायचं, हे सगळं गाड्या थांबल्याशिवाय कसं करणार? आपल्या मुंबईची लोकलसुद्धा रात्री काही तास विश्रांती घेते.

आता कल्पना करा. ओसाका किंवा टोकियोसारखं भलंमोठं शहर. कचेरीतलं काम लांबलं आणि शेवटची गाडी गेली. घर तीस-चाळीस किलोमीटर दूर. टॅक्सी करावी तर भाडं खिशाला भोक पाडणारं. मोठ्या हॉटेलात खोली घ्यावी तर तीही महाग, आणि वापरायची किती, तर पाच तास. करायचं काय?

१९७९ साली ओसाकामध्ये याचं उत्तर सापडलं. तिथे 'कॅप्सूल इन' नावाचं हॉटेल सुरू झालं. जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल ते हेच. त्याची रचना केली होती किशो कुरोकावा या जपानी वास्तुरचनाकाराने. घर म्हणजे कारखान्यात तयार झालेली, जिथे हवी तिथे नेऊन जोडता येईल अशी पेटी असावी, ही कल्पना त्यांच्या डोक्यात आधीपासून घोळत होती. १९७२ साली त्यांनी टोकियोत १४० पेट्या एकमेकींवर रचून 'नाकागिन कॅप्सूल टॉवर' नावाची इमारत उभी केली होती. कपडे धुण्याच्या यंत्रांसारख्या गोल खिडक्यांची ती इमारत बघायला जगभरचे लोक यायचे. दर पंचवीस वर्षांनी जुनी पेटी काढून नवी बसवायची, असा कुरोकावांचा बेत होता. पण पेट्या कधी बदलल्याच गेल्या नाहीत. इमारत जीर्ण झाली आणि २०२२ मध्ये ती उतरवण्यात आली. त्यातल्या काही पेट्या मात्र जपून ठेवल्या आहेत.

म्हणजे पेट्यांची इमारत गेली, पण झोपायची पेटी टिकली. इतकी टिकली, की ती जपानमधून निघून इतर देशांत पोचली. तिचं नावही बदललं. कुणी तिला कॅप्सूल म्हणतात, कुणी पॉड. कॅप्सूल तुम्हाला माहीत आहे, ताप आला की डॉक्टर देतात ती औषधाची गोळी. आणि पॉड म्हणजे शेंग! वाटाण्याची शेंग सोलून बघा. प्रत्येक दाण्याला त्याच्या मापाची जागा. कोणी कोणाच्या अंगावर नाही, आणि जागा वायाही नाही.

आधी होते ते राजवाडे

स्टेशन आणि हॉटेल यांची जोडी मात्र कॅप्सूलपेक्षा खूप जुनी आहे. आगगाडी सुरू झाली आणि माणसं पहिल्यांदाच एका दिवसात शेकडो मैल जाऊ लागली. रात्री परक्या शहरात उतरलेल्या माणसाने जावं कुठे? म्हणून इंग्लंडमध्ये १८३९ सालीच लंडनच्या युस्टन स्टेशनाजवळ रेल्वे प्रवाशांसाठी हॉटेलं उघडली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ मध्ये. म्हणजे त्याच्याही चौदा वर्षं आधी!

पुढे रेल्वे कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. १८७३ साली लंडनमध्येच सेंट पँक्रस स्टेशनाला जोडून 'मिडलंड ग्रँड' हे हॉटेल सुरू झालं. लाल विटांचे उंच मनोरे, रुंद वळणदार जिने, घड्याळाचा बुरूज. बाहेरून पाहिलं तर राजवाडाच. पण या राजवाड्यात एक गंमत होती. खोल्या भरपूर, पण खोलीला जोडून न्हाणीघर नाही. त्या काळी नोकर गरम पाण्याची भांडी वाहून आणत आणि पाहुणे खोलीत टब ठेवून आंघोळ करत. पुढे लोकांना नळ, न्हाणीघर हवंसं झालं. जाडजूड भिंतींच्या त्या इमारतीत ते करणं महाकठीण. खर्च वाढत गेला आणि १९३५ मध्ये हॉटेल बंद पडलं. पुढे कित्येक वर्षं त्या इमारतीत रेल्वेच्या कचेऱ्या होत्या. ती पाडायचेही बेत झाले, पण इमारतीवर प्रेम करणाऱ्या लोकांनी ती वाचवली आणि २०११ साली तिथे पुन्हा हॉटेल सुरू झालं.

यातून काय दिसतं? राजवाडा बांधला म्हणजे प्रवाशाची सोय झालीच असं नाही. दमून आलेल्या माणसाला मनोरे नको असतात, त्याला हवं असतं गरम पाणी!

आपल्याकडची शेंग

आपल्याकडे प्रवाशांची सोय काय होती? स्टेशनाजवळची धर्मशाळा. सतरंजी आणि वळकटी बरोबर घेऊन जायचं आणि पथारी पसरायची. मोठ्या स्टेशनांवर रेल्वेचं विश्रांतिगृह, म्हणजेच रिटायरिंग रूम, आणि एका दालनात ओळीने खाटा असलेली डॉर्मिटरी. या सोयी आजही पुष्कळ स्टेशनांवर आहेत. त्यासाठी हातात रेल्वेचं तिकीट असावं लागतं.

मग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनात पहिल्या मजल्यावर एक नवा प्रकार सुरू झाला. भारतीय रेल्वेचं पहिलं पॉड हॉटेल! एकंदर ४८ पॉड. त्यांतले काही फक्त स्त्रियांसाठी राखलेले, आणि एक अपंग प्रवाशासाठी मुद्दाम बनवलेला. सुरुवातीला दर होता बारा तासांना ९९९ रुपये आणि चोवीस तासांना १९९९. पाठोपाठ २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर ४० पॉडचं दुसरं हॉटेल निघालं. तिथे एकट्यासाठी, दोघांसाठी आणि सगळ्या कुटुंबासाठीही पॉड ठेवले.

जरा मजा पाहा. मुंबई सेंट्रलची इमारत १९३० सालची आणि टर्मिनसची त्याहून जुनी, १८८० च्या दशकातली. या म्हाताऱ्या इमारतींच्या पोटात ही जपानी शेंग येऊन बसली!

आत असतं तरी काय? एक गादी, उशी, चादर. डोक्याशी वाचायचा दिवा. मोबाईल भरायला प्लग. एक छोटा आरसा. थंड हवा येण्यासाठी जाळी. धूर झाला तर ओरडणारी घंटा. बस्स. न्हाणीघर सगळ्यांना मिळून, सामानासाठी वेगळं कुलूपबंद कपाट, चहा-नाश्त्याला एक कोपरा. दोन-दोन पॉड एकावर एक. वरच्याला चढायला शिडी. खालचा मिळवायचा की वरचा, यावरून भावंडांची भांडणं होणार हे तर ठरलेलंच!

थोडं गणित, थोडं विज्ञान

ही खोली स्वस्त कशी पडते? चला, हिशेब करू. दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली घ्या. एरवी हॉटेलात ती एका कुटुंबाला देतात. आता दहा फुटांच्या भिंतीला लागून एक-एक मीटर रुंदीचे पॉड मांडा. एक मीटर म्हणजे सुमारे सव्वातीन फूट. तीन पॉड शेजारीशेजारी बसले. त्यांची लांबी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. बारा फुटांतून ती वजा केली की उरले साडेपाच फूट. ही झाली जायची यायची वाट. आता त्या तीन पॉडवर आणखी तीन. किती झाले? सहा! भिंतींची जाडी जरा बाजूला ठेवली तर एका खोलीत सहा जण, आणि प्रत्येकाला स्वतःचा पडदा, स्वतःचा दिवा. जागेचं भाडं, थंड हवेची वीज, झाडणाऱ्या-पुसणाऱ्यांचा पगार, सगळा खर्च सहा जणांत वाटला जातो.

दहा बाय बाराची खोली म्हटल्यावर मुंबईच्या आजी-आजोबांचे कान टवकारले असतील. गिरणगावातल्या चाळींत खोली साधारण एवढीच असायची. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेले किती तरी जण एका खोलीत राहायचे. दिवसपाळीचा माणूस कामाला गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत, ट्रंक भिंतीशी, आणि झोपायची जागा पाळीप्रमाणे. म्हणजे दोन मीटरमध्ये झोपायची विद्या आपल्याला जपानकडून शिकायची गरज नव्हती! फरक एवढाच, की गिरणी कामगाराला ते नाइलाजाने, वर्षानुवर्षं करावं लागलं. पॉडमध्ये आपण काही तासांपुरते जातो, आणि आपल्या मर्जीने. हा फरक लहान नाही, तो विसरू नका.

आता एक विज्ञानाचा प्रश्न. पेटीत झोपल्यावर गुदमरणार नाही का? तुमच्या खडूच्या खोलीचं घनफळ काढा : दोन गुणिले एक गुणिले एक, म्हणजे दोन घनमीटर. लिटरमध्ये सांगायचं तर दोन हजार लिटर हवा. शांत पडलेला मोठा माणूस एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा घेतो आणि मिनिटाला बारा-एक श्वास. म्हणजे मिनिटाला सहा लिटर, तासाला ३६० लिटर. पेटी चारी बाजूंनी बंद केली तर साडेपाच तासांत तिच्यातल्या हवेइतकी हवा त्याच्या छातीतून फिरून येईल! त्याच्या बरंच आधी कोंदट वाटायला लागेल. म्हणूनच प्रत्येक पॉडला हवा आत यायची आणि बाहेर जायची वाट ठेवावी लागते. पॉडमध्ये शिरलात की आधी ती जाळी शोधा आणि तिच्यापुढे उशी किंवा पिशवी ठेवू नका.

जपानमधल्या कॅप्सूलच्या तोंडाला तर बहुधा कुलपाचं दार नसतंच, नुसता पडदा नाहीतर वर गुंडाळायची चटई. आग लागली किंवा भूकंप झाला तर माणसाला चटकन बाहेर पडता आलं पाहिजे, नाही का? पण पडदा ही मोठी मजेची वस्तू आहे बरं का. तो उजेड अडवतो, नजर अडवतो, पण आवाज अडवत नाही. आवाज अडवायला जड, जाड भिंत लागते. पडदा हलका, आवाज त्यातून सरळ पार!

आणि इथेच तो खरा प्रश्न येतो, जो मी मघाशी पुढे ढकलला होता.

चौथी वस्तू

दमलेल्या प्रवाशाला काय काय लागतं? मोजू या. एक, आडवं व्हायला स्वच्छ जागा. दोन, आंघोळीला पाणी. तीन, सामान चोरीला जाणार नाही याची खात्री. या तिन्ही वस्तू हॉटेल देऊ शकतं, आपण त्यांचे पैसे देतो. पण चौथी वस्तू आहे शांतता. ती काउंटरवर मिळत नाही. मालकाने भिंतीवर कितीही पाट्या लावल्या तरी मिळत नाही. ती शेजाऱ्याने द्यावी लागते. आणि गंमत म्हणजे, आपला शेजारी कोण आहे हे आपल्याला कधीच कळत नाही. पडद्यापलीकडे आपण त्याला आणि आपल्याला तो, दोघेही अनोळखी.

कोण असेल तो? स्टेशनाला जोडलेल्या हॉटेलात उतरतं तरी कोण? मौजेसाठी आलेले थोडेच. परीक्षेला आलेली एखादी मुलगी असेल. वर्षभर अभ्यास केलाय, सकाळी दहाला पेपर आहे, त्याआधी चार तास झोप हवी आहे. मुलाखतीला आलेला तरुण असेल, इस्त्रीचा सदरा जपून टांगून ठेवलेला. परळच्या मोठ्या रुग्णालयात नातेवाइकाला घेऊन आलेलं कोणी असेल, दोन रात्री बाकावर बसून काढलेलं. गाडी चार तास उशिरा असलेली आजी असेल. रात्रपाळी करून आलेली परिचारिका असेल. त्यांच्यासाठी ही झोप चैनीची नाही. उद्याचा दिवस त्या झोपेवर उभा आहे.

आणि आपण काय करतो? प्लॅस्टिकची पिशवी! हो, हसू नका. पॉड हॉटेलमधला सगळ्यांत मोठा शत्रू घोरणं नव्हे, घोरणाऱ्याचा इलाज नसतो बिचाऱ्याचा. पहाटे पाच वाजता कर्रर्र-कर्रर्र करत पिशवीत पिशवी, त्यात आणखी पिशवी कोंबणारा माणूस, हा खरा शत्रू. एका माणसाची पाच मिनिटं आणि दहा जणांची झोप! पुस्तकाचं पान उलटल्याचाही आवाज येतो तिथे मोबाईलवर विनोदी फिती लावून खदाखदा हसणं म्हणजे तर शेजाऱ्याच्या उशाशी बसून ढोल वाजवणं.

म्हणून काही नियम. पाठ करायचे नाहीत, फक्त ध्यानात ठेवायचे.

सकाळी लागणारे कपडे, दात घासायचा ब्रश, टॉवेल रात्रीच एका कापडी पिशवीत वेगळे काढा. बाकीचं सामान कपाटात.

गजर लावायचा तर मोबाईल थरथरण्यावर ठेवा आणि उशीखाली सरकवा. आणि तो एकदाच लावा! दर पाच मिनिटांनी वाजणारा गजर तुम्हाला उठवत नाही, बाकी सगळ्यांना उठवतो.

बोलायचं असेल तर बाहेर, चहाच्या कोपऱ्यात. कुजबुजसुद्धा रात्री मोठी होते.

चपला-बूट दाखवलेल्या जागीच. वाटेत ठेवले की अंधारात कोणीतरी धडपडणारच.

शिडीवर चढताना हळू. वरचा माणूस धपकन पडला की खालचा दचकून उठतो.

न्हाणीघर आपल्यानंतर दुसऱ्याला वापरायचं आहे. बाहेर पडण्याआधी एक तांब्या पाणी आणि एक नजर.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुसऱ्याच्या पडद्याला हात लावायचा नाही. कुतूहल म्हणूनही नाही, चेष्टेनेही नाही, चुकून भाऊ आत असेल म्हणूनही नाही. पडद्याला कुलूप नसतं. त्याला कुलूप आपण घालायचं असतं, मनाने.

ज्यांना पॉड मिळत नाही

इथवर वाचून तुमच्यापैकी एखादा म्हणेल, "पण हजार रुपये म्हणजे थोडे का?" शाबास. हा प्रश्न पडायलाच हवा. पुष्कळ घरांत हजार रुपयांत आठवड्याचा बाजार होतो. म्हणून तर त्याच स्टेशनात, पॉड हॉटेलच्या खालच्या मजल्यावर, माणसं वर्तमानपत्र पसरून झोपलेली दिसतात. पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, चपला उशाखाली. आई बाळाला कुशीत घेऊन एक डोळा उघडा ठेवून पडलेली. त्यांनाही त्याच चार वस्तू हव्या असतात. स्वच्छ जागा, पाणी, सामानाची काळजी नको आणि शांतता. त्यांना चारांतली एकही पुरती मिळत नाही.

पॉड हॉटेल निघालं म्हणून डॉर्मिटरीच्या खाटा, प्रतीक्षालयातली बाकं आणि फलाटावरचे नळ यांची गरज संपत नाही. उलट त्यांच्यावरच जास्त माणसांची रात्र निभावते. चांगलं स्टेशन कशाला म्हणावं? जिथे पैसे देणाऱ्याला चांगली झोप मिळते ते? की जिथे दोघांनाही मिळते ते? विचार करा, आईबाबांशी बोला.

पहिल्या तीन वस्तू आपण त्या माणसांना देऊ शकत नाही. त्या रेल्वेने द्यायच्या. पण चौथी वस्तू आपल्याही हातात आहे. पहाटे गाडी पकडताना झोपलेल्या माणसाच्या कानाशी बॅगेची चाकं खडखडवत न्यायची, की दोन हात लावून बॅग उचलून न्यायची? तीन सेकंदांचा प्रश्न आहे. तिथे पडदाही नाही. तिथला पडदा आपणच.

आईबाबांसाठी चार ओळी

मुलांना घेऊन अशा ठिकाणी उतरणार असाल तर आधी चौकशी करा : लहान मुलांना घेतात का, कुटुंबाचा पॉड आहे का, स्त्रियांसाठी वेगळी ओळ आहे का, आजचा दर काय. सर्वांचं ओळखपत्र जवळ ठेवा. रेल्वेच्या विश्रांतिगृहासाठी तिकिटाचा पीएनआर क्रमांक लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत खोल्या आधीच भरतात. फक्त सामान ठेवायचं असेल तर पुष्कळ मोठ्या स्टेशनांवर सामानघर असतं. मात्र बॅगेला कुलूप असल्याशिवाय ती तिथे घेत नाहीत. बंद जागेत ज्यांना घाबरायला होतं, त्यांना आग्रह करून पॉडमध्ये पाठवू नका. डॉर्मिटरीतली मोकळी खाट त्यांना जास्त बरी. आणि कुठेही उतरलात तरी आत शिरल्यावर मुलांना आधी बाहेर पडायची वाट दाखवा. आग लागली तर कुठून पळायचं, हे झोपण्याआधी माहीत हवं.

या आठवड्याचं कोडं

समजा, तुम्ही आईबरोबर लातूरहून रात्रीच्या गाडीने निघालात. सकाळी ७ वाजून ४५ मिनिटांनी मुंबईत टर्मिनसवर उतरलात. दुपारी बारा ते चार मामाच्या घरी कार्यक्रम. स्टेशनापासून तिथवर जायला एक तास आणि यायला एक तास. परतीची गाडी रात्री २१ वाजून १० मिनिटांनी. पॉड फक्त सलग बारा तासांसाठी मिळतो. तर तो किती वाजता घ्याल? उतरल्याबरोबर घेतला तर १९ वाजून ४५ मिनिटांनी सोडावा लागेल, मग गाडीपर्यंतची वेळ कुठे काढाल? उशिरा घेतला तर आंघोळ कुठे कराल? आणि खरं सांगा, तुम्हाला पॉड हवा आहे का? की सामानघर आणि प्रतीक्षालय यांवर भागेल, आणि वाचलेल्या पैशांत आईला बरोबर घेऊन राणीची बाग बघून होईल?

याला एकच बरोबर उत्तर नाही. वेळांचा तक्ता आखा, खर्च मांडा, आणि तुमचं उत्तर का निवडलं ते चार ओळींत लिहून पाठवा. कागदाच्या मागच्या बाजूला तुमच्या गावच्या स्टेशनाचं किंवा एसटी स्टँडचं चित्र काढा. रात्री तिथे उतरलेला प्रवासी कुठे झोपतो, त्याला पाणी कुठे मिळतं, दिवा कुठे आहे, ते दाखवा. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, खरं असलं पाहिजे. चांगली उत्तरं आणि चित्रं आपण पुढच्या एखाद्या अंकात छापू.

आणि हो, फरशीवरचा खडू आई ओरडायच्या आत पुसून टाका!